सामाजिक परिणाम रोखे: ऊसतोड मुलांच्या वसतिगृहांसाठी घ्यावेत का?

मांजराकाठ
नमस्कार मंडळी. उत्तर महिनाभरात द्यायचे आहे, म्हणून इथे विचारते.

बीड जिल्ह्यातल्या चार गावांत आमची छोटी संस्था ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे चालवते. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात. आईबाप सांगली-कोल्हापूरकडे नाहीतर कर्नाटकात जातात. मूल गावात राहिले तर शाळा टिकते, सोबत गेले तर फडावर धाकट्या भावंडाला सांभाळते. यंदा आमच्याकडे १८७ मुले होती. अनुदान हातात पडेपर्यंत निम्मा हंगाम सरतो, तोवर किराणा उधारीवर.

गेल्या महिन्यात मुंबईहून एक सल्लागार येऊन गेले. त्यांचा प्रस्ताव असा: एक गुंतवणूकदार आम्हाला तीन वर्षांचा खर्च आधीच देईल. तीन वर्षांनी तिसराच कोणीतरी मुलांचे वाचन-गणित आणि हंगामातली हजेरी तपासेल. ठरलेला परिणाम दिसला तर एक देणगीदार प्रतिष्ठान गुंतवणूकदाराला मुद्दल आणि वर परतावा देईल. नाही दिसला तर गुंतवणूकदाराचे पैसे बुडाले, आम्ही काही देणे लागत नाही. याला सामाजिक परिणाम रोखा म्हणतात. देणगीदाराऐवजी सरकार पैसे देणार असेल तर तो खरा सोशल इम्पॅक्ट बाँड, देणगीदार असेल तर डेव्हलपमेंट इम्पॅक्ट बाँड, असेही त्यांनी सांगितले.

विश्वस्तांत दोन तट पडलेत. मी हिशेब पाहते, त्यामुळे आधी पैसे मिळणार हे ऐकूनच जीव हलका झाला. पण रात्री झोप लागत नाही. कुणाला अनुभव आहे का?

झेडपी_गुरुजी
ताई, एकच विचारतो. पायाभूत चाचणी जुलैत, अंतिम चाचणी मार्चमध्ये. जे पोर डिसेंबरात आईच्या मागे फडावर निघून गेले, ते मार्चच्या यादीत असेल का? याचे उत्तर करारात शोधा, मग बाकीचे बोलू.

आकडेमोड
उत्तम धागा. मी मूल्यमापनाच्याच क्षेत्रात आहे, पण खाली लिहिलेल्या प्रकल्पाशी माझा संबंध नव्हता.

भारतातले सर्वांत गाजलेले उदाहरण राजस्थानातल्या भिलवाड्याचे, २०१५ ते २०१८. काम 'एज्युकेट गर्ल्स' या संस्थेचे. आधी पैसे घातले यूबीएस ऑप्टिमस फाउंडेशनने, साधारण २ लाख ७० हजार डॉलर. परिणामाचे पैसे देणार होते लंडनचे सीआयएफएफ हे देणगीदार प्रतिष्ठान. मोजणी आयडीइनसाइट या मूल्यमापन संस्थेने केली. १६६ शाळा, सुमारे ७,३०० मुले, आणि तुलनेसाठी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या, जिथे काम केले नाही अशा शाळा. पैशातला ८० टक्के भाग तिसरी ते पाचवीच्या मुलांच्या शिकण्याला बांधलेला, २० टक्के शाळाबाह्य मुलींच्या प्रवेशाला. चाचणी आपल्या ओळखीचीच, साधे वाचन-गणित तपासणारी 'असर'ची.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी शिकण्याचे उद्दिष्ट जेमतेम अर्ध्यावर, ५२ टक्के. नेहमीच्या अनुदानात काय होते? अहवालात दोन छान फोटो लागतात आणि काम तसेच पुढे सरकते. इथे आकडा समोर होता म्हणून संस्थेने पद्धत बदलली. मुलांना इयत्तेऐवजी पातळीप्रमाणे बसवले, जी शाळेत येत नव्हती त्यांना घरी जाऊन शिकवले. अखेरीस शिकण्याचे उद्दिष्ट १६० टक्के गाठले गेले, प्रवेशाचे ११६ टक्के. शोधलेल्या शाळाबाह्य मुलींपैकी ९२ टक्के शाळेत दाखल झाल्या. गुंतवणूकदाराला वर्षाला १५ टक्के परतावा मिळाला.

माझे मत स्पष्ट आहे: घ्या. काम चांगले आहे असे नुसते वाटणे आणि ते खरेच चांगले असणे यात फरक असतो, आणि गरिबांच्या वाट्याला बहुतेक वेळा पहिलेच येते.

नवी_पालवी
माहितीपूर्ण! वाचनखूण साठवली. एक बाळबोध शंका: हा रोखा शेअरसारखा बाजारात विकता येतो का?

आकडेमोड
नाही. नाव बाँड असले तरी हा खरे तर तिघाचौघांमधला करार असतो. न्यूझीलंडचे अर्थतज्ज्ञ रॉनी होरेश यांनी १९८८ मध्ये जी मूळ कल्पना मांडली, तिच्यात रोखे बाजारात विकता येणार होते. प्रत्यक्षात आले ते वेगळेच.

आपल्याकडे सेबीचा सामाजिक शेअर बाजार आहे, पण ती निराळी गोष्ट. तिथल्या 'झीरो कूपन झीरो प्रिन्सिपल' रोख्यात ना व्याज मिळते ना मुद्दल परत येते. म्हणजे ती देणगीच, फक्त नोंदणी आणि हिशेबाच्या शिस्तीतली.

काळी_माती
मी ऊसतोड घरातला. आई आणि अण्णा मिळून एक कोयता, म्हणजे तोडीची एक जोडी. दसऱ्याला टोळीचा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, द्यायचा, ती हंगामभर टनावर फिटायची. पाऊस लांबला, आई आजारी पडली, कारखाना लवकर बंद झाला, काही झालं तरी बाकी आमच्याच नावावर. ती पुढच्या वर्षी पुन्हा फडात ओढून न्यायची.

ताईंचा प्रस्ताव वाचला आणि पहिल्यांदा तेच डोळ्यापुढं आलं. आधी पैसे, नंतर मोजमाप. ही संस्थेला दिलेली उचलच नाही का?

आकडेमोड
दादा, तुमची भीती समजते, पण इथे जोखीम उलटी आहे. उचल फिटली नाही तर कामगार अडकतो. इथे परिणाम आला नाही तर पैसे देणाऱ्याचेच बुडतात. बाकी पुढच्या वर्षावर चढत नाही.

काळी_माती
कागदावर उलटी असेल. पण ज्याचे पैसे बुडणार आहेत तो गप्प बसेल का? तो संस्थेला फोन करेल, संस्था पर्यवेक्षकाला, पर्यवेक्षक वसतिगृहातल्या मावशींना. शेवटी कुणाच्या तरी पाठीवर ते ओझं येणारच. ती पाठ कुणाची, एवढंच मी बघतो.

लंडनकर_अनघा
पहिला रोखा आमच्या इंग्लंडचा, पीटरबरो तुरुंगाचा, सप्टेंबर २०१०. वर्षभरापेक्षा कमी शिक्षा झालेले पुरुष कैदी सुटले की त्यांना घर, काम, व्यसनमुक्ती यांसाठी हात द्यायचा आणि ते पुन्हा गुन्ह्याकडे वळतात का ते पाहायचे. १७ गुंतवणूकदारांनी मिळून ५० लाख पौंड घातले. २०१७ मध्ये अंतिम निकाल लागला. पुनर्गुन्हे तुलनेच्या गटापेक्षा ९ टक्के कमी भरले, उद्दिष्ट साडेसात टक्क्यांचे होते. मुद्दल परत मिळाले आणि वर वर्षाला तीन टक्क्यांहून थोडे अधिक.

पण तो पूर्ण मुदत चालला नाही. मध्येच सरकारने देशभर कैदी-पुनर्वसनाची व्यवस्थाच बदलली आणि रोख्याखालचे काम आवरते घ्यावे लागले. यशस्वी ठरलेल्या कामाला पुढे आपोआप जागा मिळतेच असे नाही, हे त्यातून दिसले.

न्यूयॉर्कच्या रायकर्स आयलंड तुरुंगाचा अनुभव उलटा. २०१२ मध्ये तिथल्या किशोरवयीन कैद्यांच्या समुपदेशनासाठी गोल्डमन सॅक्स या बँकेने कर्ज दिले, ७२ लाख डॉलर खर्च झाले. पुनर्गुन्हे अजिबात घटले नाहीत आणि २०१५ मध्ये काम थांबवले. शहराला एक पैसा द्यावा लागला नाही. पण गोल्डमनचे बुडाले फक्त १२ लाख. बाकी ६० लाखांची हमी शहराचे त्यावेळचे महापौर ब्लूमबर्ग यांच्या धर्मादाय संस्थेने घेतलेली होती. म्हणून मांजराकाठताई, 'गुंतवणूकदार जोखीम घेतो' म्हटले की लगेच विचारा: त्याच्या मागे कोण उभे आहे? दानाचाच पैसा हमीला असेल तर परतावा नेमका कशाचा?

भास्कर_चिंचवड
महाराष्ट्रातले उदाहरण राहून गेले. आमच्या पिंपरी-चिंचवड महापालिकेने यूएनडीपी या संयुक्त राष्ट्रांच्या विकास संस्थेबरोबर २०२० च्या अखेरीस आरोग्यसेवेसाठी सामाजिक परिणाम रोख्याचा करार केला. रुग्णालयांचा दर्जा मानांकनाच्या पातळीवर न्यायचा, हा उद्देश. महापालिका स्वतः यात आहे, ही मला मोठी गोष्ट वाटते. देणगीदार आज आहे, उद्या नाही. महापालिकेला मात्र आम्ही दारात जाऊन विचारू शकतो.

लंडनकर_अनघा
भास्करदादा, अगदी मनातले बोललात. राजस्थानातच 'उत्कृष्ट' नावाचा माता-बाल आरोग्याचा रोखा झाला, त्यात परिणामाचे पैसे देणाऱ्यांत अमेरिकी सरकारची मदतसंस्था यूएसएड होती. तो करार आधीच आटोपला होता. पण २०२५ मध्ये यूएसएडच बंद झाली. तीन वर्षांनी पैसे देण्याचे वचन देणाराच उरला नाही तर काय, हे कलम ताईंनी वाचायलाच हवे.

सीताफळ
मी रोखा पाहिलेला नाही, पण निकालावर पैसे कसे मिळतात ते पाहिले आहे. एका प्रशिक्षण केंद्रात दीड वर्ष शिकवत होते (नाव लिहीत नाही). मुलगा नोकरीवर तीन महिने टिकला की केंद्राला शेवटचा हप्ता मिळायचा. धाराशिव-लातूरची पोरे चाकणला न्यायची, दहा जणांची एक खोली, आणि नव्वद दिवस त्यांना रोज फोन: 'घरी जाऊ नकोस, अजून पंधरा दिवस काढ.' एक्क्याण्णवव्या दिवशी फोन बंद. चौथ्या महिन्यात त्यातला एक मुलगा आजारी पडून गावी निघाला, त्याच्याकडे एसटीचे पैसे नव्हते. त्याने मला फोन केला कारण केंद्रातले कुणी उचलत नव्हते. केंद्राच्या दप्तरी तो यशस्वीच होता.

२०२१ मध्ये देशपातळीवरचा कौशल्य रोखा आला, ५० हजार तरुणांसाठी, त्यात ६० टक्के मुली-महिला, आणि नुसत्या प्रमाणपत्रापेक्षा नोकरीत टिकण्यावर भर. दिशा चांगलीच आहे. माझे म्हणणे इतकेच की, मोजणी ज्या दिवशी थांबते त्याच्या दुसऱ्या दिवशी कोण असते, हे लिहून घ्या.

झेडपी_गुरुजी
सीताफळताई, हे वाचून थांबलो थोडा वेळ. माझ्या वर्गातली दोन पोरे चाकणलाच आहेत.

जुने_दप्तर
जरा मागे जाऊ या. 'निकालावर पैसे' ही कल्पना २०१० ची नाही, महाराष्ट्राने ती दीडशे वर्षांपूर्वी भोगली आहे. इंग्लंडमध्ये १८६२ पासून शाळांचे अनुदान परीक्षेत मुले किती पास होतात यावर ठरू लागले. तीच रीत मुंबई इलाख्यातल्या अनुदानित शाळांना लागू झाली.

१८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी जे निवेदन दिले, त्यात या पद्धतीचा थेट उल्लेख आहे. त्यांचे म्हणणे असे की, गरीब आणि अशिक्षित लोकांत शिक्षण पसरवायला ही पद्धत मुळीच योग्य नाही. या लोकांत अजून शिक्षणाची गोडीच निर्माण झालेली नाही, तेव्हा त्यांच्यात स्वतःच्या हिमतीवर शाळा काढायला कोणताही शिक्षक धजणार नाही, कारण त्याचे पोट त्यावर भरणार नाही. गोडी लागेपर्यंत सरकारी शाळा आणि खास उत्तेजन हवेच. त्याच निवेदनात, सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा खर्च मात्र वरच्या वर्गावर होतो, हेही त्यांनी सुनावले आहे.

निकालावर पैसे ठेवले की शहाणा माणूस जिथे निकाल लवकर येईल तिथे जातो. रस्त्यालगतचे गाव निवडतो, तांडा सोडतो. जोतीरावांनी हे तेव्हाच ओळखले होते.

आकडेमोड
या संदर्भाबद्दल मनापासून आभार, मला तो ठाऊक नव्हता. पण अर्ध्या भागात माझा मतभेद आहे. तेव्हा निकाल लागेपर्यंत शिक्षक उपाशी राहायचा. रोख्यात संस्थेला पगार-किराण्याचे पैसे पहिल्या दिवसापासून मिळतात, उपाशी राहायची वेळ आली तर गुंतवणूकदारावर. म्हणजे 'पोट भरणार नाही' या आक्षेपाला इथे उत्तर आहे.

सोपी मुले निवडण्याच्या आक्षेपाला मात्र आपोआप उत्तर नाही, हे मान्य. ते करारात घालावे लागते. गावातले प्रत्येक मूल यादीत धरायचे, संस्थेने निवडलेले नव्हे. भिलवाड्यात शाळाच चिठ्ठीने ठरल्या होत्या, तो याचाच भाग.

जुने_दप्तर
पोटाचा मुद्दा पटला. तांड्याचा सोडत नाही.

निवृत्त_लेखापाल
चर्चेचे शीर्षक वसतिगृहांचे असले तरी मुळाशी गरिबी आहे, म्हणून लिहितो. केनिया-युगांडात २०१७ ते २०२० असा एक रोखा खास गरिबीवरच झाला. व्हिलेज एंटरप्राइज या संस्थेने सुमारे १४ हजार अतिगरीब लोकांना छोट्या धंद्यासाठी बीजभांडवल आणि प्रशिक्षण दिले, आणि घरातला खर्च व मालमत्ता वाढली का ते तपासले गेले. वाढली. हे चांगलेच झाले.

पण विषमता? ती एका घराच्या मिळकतीत मावत नाही, दोन घरांच्या मधल्या अंतरात असते. १९७२ च्या दुष्काळात मी तालुक्याच्या कचेरीत नवा कारकून होतो. खडी फोडणाऱ्या बायांची हजेरी मी मांडली आहे. त्या कामांतून रोजगार हमी उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. पैसा कुठून आला? १९७५ पासून शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून व्यवसाय कर कापायला सुरुवात झाली, ती या हमीसाठी. आजही तुमच्या पगारपत्रकात ते २०० रुपये दिसतात, फेब्रुवारीत ३००. त्या बाईने काम मागितले की द्यायचे, असा तो करार. आधी तू सुधारून दाखव, मग आम्ही पैसे देऊ, असे तिला कुणी म्हटले नाही, आणि कापल्या पैशावर परतावा मागायला मुंबईचा नोकरदारही आला नाही.

रोखा चांगला प्रयोग असेल. प्रयोग म्हणून करा. हक्काच्या जागी बसवू नका.

नवी_पालवी
काका, मी दर महिन्याला ते २०० रुपये बघून चिडते. आता नाही चिडणार.

लंडनकर_अनघा
गुरुजींचा पहिला प्रश्न मोजणीत कोणते मूल धरायचे याचा होता, त्याला जोडून अमेरिकेतल्या यूटा राज्याचे उदाहरण. २०१३ मध्ये सॉल्ट लेक भागात गरीब घरांतल्या चार वर्षांच्या मुलांच्या बालवाडीसाठी गोल्डमनने पैसे घातले. एका शब्दसंग्रहाच्या चाचणीत ११० मुले कच्ची निघाली, आणि या सगळ्यांना पुढे विशेष शिक्षण लागणार असे धरले गेले. प्रत्यक्षात एकालाच लागले. १०९ मुलांचा खर्च वाचला म्हणून परतावा दिला गेला. तुलनेचा गट नव्हताच. मग तज्ज्ञांनी विचारले: इतक्या मुलांना ते शिक्षण लागणार होते, हे कशावरून ठरवले? त्यांतल्या कित्येकांच्या घरी इंग्रजी बोलत नसतील, तर चाचणीने त्यांचे इंग्रजी मोजले की बुद्धी?

बालवाडी चांगलीच होती, मुलांचे भलेच झाले. चुकला तो 'नाहीतर काय झाले असते' याचा अंदाज. ताई, तुमच्या करारात तो अंदाज कोण बांधणार?

काळी_माती
एक शेवटचं. माझी थोरली बहीण फडावर होती. अकराव्या वर्षी शाळा सुटली, सोळाव्या वर्षी लग्न. फडावरच्या झोपडीला कोपी म्हणतात. आईचं म्हणणं एकच होतं: 'कोपीत दार नसतं. वयात आलेली पोर मी कुणाच्या भरवशावर ठेवू?' धाकटीला गावात वसतिगृह मिळालं. ती फार हुशार नव्हती, दहावीला दुसऱ्या वेळी पास झाली. आज अंगणवाडीत मदतनीस आहे आणि तिचं लग्न तिनं ठरवून, तेविसाव्या वर्षी केलं.

त्या वसतिगृहाचा परिणाम धाकटीच्या भागाकारात शोधला असता तर काय हाती लागलं असतं? तिथल्या दाराला आतून कडी होती, तो परिणाम होता.

आकडेमोड
दादा, हे मोजता येते. किती मुली पूर्ण हंगाम वसतिगृहात राहिल्या, अठराच्या आत किती लग्ने झाली, हे प्रश्न विचारता येतात. ते विचारले जात नाहीत कारण तीन वर्षांत त्यांचे उत्तर येत नाही आणि गुंतवणूकदार तीन वर्षेच थांबतो. कालपर्यंत मी ताईंना सरळ 'घ्या' म्हणत होतो. आता म्हणेन, मुदत आणि निकष तुमच्या हातात असतील तरच.

मांजराकाठ
सगळ्यांचे प्रतिसाद छापून काल विश्वस्तांच्या बैठकीत वाचले. काळी_माती दादांचा शेवटचा प्रतिसाद वाचताना आमच्या वसतिगृहाच्या मावशी उठून बाहेर गेल्या. परत आल्या आणि म्हणाल्या, 'कडीचं कलम घाला.'

सल्लागारांना पत्र धाडले आहे. पहिले, चारही गावांतले, सहा ते चौदा वयाचे, स्थलांतराची शक्यता असलेले प्रत्येक मूल यादीत. मध्येच फडावर गेले तरी नाव कापायचे नाही, ते आमचे अपयश म्हणूनच नोंदवायचे. दुसरे, पूर्ण हंगाम वसतिगृहात राहिलेल्या मुलींची संख्या हा निकष वाचनाच्या बरोबरीचा. लग्नाच्या वयाची नोंद आम्ही करार संपल्यावरही पाच वर्षे ठेवू, त्यावर पैसे मिळोत न मिळोत. तिसरे, परिणामाची रक्कम पहिल्या दिवशीच वेगळ्या खात्यात. चौथे, कर्मचाऱ्यांचा पगार कुठल्याही आकड्याला बांधायचा नाही. आणि हमीदार कोण, ते लेखी. शासनाच्या अनुदानाचा पाठपुरावाही सोडणार नाही, लेखापालकाकांनी हक्काची आठवण दिली ती बरे झाले.

मान्य झाले तर करू. नाही तर किराणा दुकानदार अजून उधार देतो आहे. प्रत्येक मूल यादीत धरायचे तर आधी ती यादी हवी, आणि आमच्याकडे चारपैकी दोनच गावांची आहे.

झेडपी_गुरुजी
ताई, यादीची काळजी करू नका. टोळी निघताना मुलांना आम्ही शिक्षण हमी कार्ड देतो, म्हणजे जिथे जातील तिथल्या शाळेत बसता यावे. गेल्या तीन वर्षांच्या कार्डांची नोंदवही प्रत्येक शाळेत असते. त्यातून गेली कोण, परतली कोण, सगळे निघेल. उरलेली दोन गावे कोणती ते निरोपात कळवा. एका गावचे बालरक्षक (शाळाबाह्य मुलांना शाळेत आणणारे शिक्षक) माझ्या ओळखीचे असतील. रविवारी मोकळा आहे, वही घेऊन येतो.

काळी_माती
मीही येतो. तांड्यावरची घरं मला माहीत आहेत.